सहा सेकंदांच्या आत

माझ्या थोरल्या बहिणीने अठ्ठावीस वर्षं म्हाताऱ्या माणसांना पाच मीटर चालवलं. मी लोकांना तिच्या कामाची ओळख अशीच करून द्यायचे आणि ती भडकायची. "फिजिओथेरपिस्ट आहे मी, ठमे. माणसं चालवणारी बाई नाही." ठमी म्हणजे मी. लहानपणी गुबगुबीत होते म्हणून घरात पडलेलं नाव. आता एकोणऐंशीव्या वर्षी नुसती हाडं उरलीत, पण नाव काही सुटलं नाही. मी कपडे शिवायचे. बाहीला अर्धं बोट कापड कमी पडलं तर काय होतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे ताईचं काम खरं तर मला इतरांपेक्षा जास्त कळायचं. पण तिला चिडवण्यात मजा होती आणि घरात चिडवायला दुसरं कुणी नव्हतं. तिचा नवरा लग्नानंतर सहा वर्षांत गेला, मी त्या भानगडीत पडलेच नाही, आणि तेव्हापासून आम्ही दोघी दोन खोल्यांत एकमेकींच्या डोक्यावर मिऱ्या वाटत राहिलो.

तिचं काम असं. हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनचा विभाग होता आणि त्याचे प्रमुख होते मोठे सर. ऐंशीच्या पुढचा पेशंट आला की मोठे सर त्याचे रिपोर्ट बघायचे, छाती तपासायचे आणि म्हणायचे, "आता जरा ताईंकडे चालून या." सगळं हॉस्पिटल तिला ताईच म्हणायचं. कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीजवळ, फरशीवर दोन निळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. एकीपासून दुसरीपर्यंत बरोब्बर पाच मीटर. पुसणाऱ्या बाईच्या फडक्याने त्या उखडायच्या, म्हणून ताई दर महिन्याला माझीच टेप घेऊन जायची आणि गुडघ्यांवर बसून त्या नव्याने चिकटवायची. पेशंटने आपल्या नेहमीच्या चालीने तेवढं अंतर चालायचं, ताईने स्टॉपवॉच दाबायचं. तीन फेऱ्या. तिन्हींतली सगळ्यात चांगली वेळ धरायची. सहा सेकंदांच्या आत आली तर ऑपरेशन. सहाच्या वर गेली तर गोळ्या लिहून घरी.

हे ऐकून कुणालाही राग येईल. मलाही आला होता. माणसाचा जीव काय सेकंदांवर मोजायचा? ताई म्हणाली, मोठ्या सरांना हृदयाची काळजीच नसते. हृदय ते दुरुस्त करतात. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाची छाती उघडायची, त्याचं हृदय थांबवायचं, दोन-तीन तास त्याला मशीनवर जगवायचं आणि मग पुन्हा सगळं सुरू करायचं, हे बाकीचा माणूस सोसेल का, हा प्रश्न असतो. ते हृदय सांगत नाही, पाय सांगतात. काही म्हातारे बाराव्या दिवशी घरी जाऊन सुनेशी भांडायला लागतात. काहींचं ऑपरेशन अगदी नामी होतं आणि तरी माणूस म्हणून ते परत येतच नाहीत. अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडून राहतात. "हे दुसरं जे आहे ना, ते मरणापेक्षा वाईट," ती म्हणायची.

म्हातारे काही कमी नव्हते. एकजण नातवाचे पळायचे बूट घालून आला. एका बाईने आठवडाभर घराच्या गच्चीवर तालीम केली आणि परीक्षेच्या दिवशी पायात गोळे येऊन बसली. एका निवृत्त न्यायाधीशाने पट्टीचं अंतर परत मोजून दाखवा म्हणून हट्ट धरला. ताई घरी येऊन नकला करायची आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसायचो.

पण एका बाबतीत ती हसायची नाही. चालणाऱ्याच्या मागे राहायचं, कधीही शेजारी चालायचं नाही, हा नियम तिनेच घालून घेतलेला होता. दोन माणसं शेजारी शेजारी चालली की त्यांची पावलं आपोआप जुळतात. म्हातारा माणूस सोबतच्या माणसाची चाल उचलतो आणि ती चाल त्याची स्वतःची नसते. पाच मीटरपुरती ती उसनी मिळते, ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांना पुरत नाही. म्हणून ती दोन पावलं मागून, रबरी तळाच्या चपला घालून, आवाज न करता जायची. पेशंट पडला तर धरता येईल इतकी जवळ आणि त्याला चाहूल लागणार नाही इतकी लांब.

ती पासष्ट वर्षांची असताना काहीतरी बिघडलं. काय ते मला तब्बल एकोणीस वर्षांनी कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच की नकला बंद झाल्या. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि ती बाहेरच्या खोलीतून येत होती. मधल्या बोळात ती थांबली, भिंतीला चिकटून उभी राहिली आणि कुणीतरी मागून येतंय, त्याला आधी जाऊ द्यावं, तशी वाट मोकळी करून दिली. बोळ रिकामा होता.

"कुणाला वाट देतेस गं?"

"कुणाला नाही," ती म्हणाली आणि नळ सोडून हात धूत बसली. हात स्वच्छच होते.

पुढे हे नेहमीचं झालं. रस्त्यात, जिन्यात, दुकानाच्या दारात. चालता चालता थांबायची, बाजूला व्हायची, क्षणभर वाट बघायची. कधी मान किंचित तिरकी करून काहीतरी ऐकायची. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, कानांच्या डॉक्टरकडे नेलं. सगळं ठीक निघालं. मी म्हटलं, बाई भ्रमिष्ट झाली. पण हिशेबात, बोलण्यात, माझ्या चुका काढण्यात ती पूर्वीइतकीच तल्लख होती. शेवटी मी नाद सोडला. सवय कशाचीही होते. खरं सांगायचं तर मलाही तो बोळ ओलांडताना पाठीत थंड वाटायला लागलं होतं, आणि मी कुणाला ते सांगितलं नाही.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी ताई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. जिने चढताना धाप तर वर्षभर लागतच होती, पण ती लपवत होती. तपासण्या झाल्या. हृदयातून रक्त बाहेर जातं तिथली झडप कडक होऊन जवळजवळ मिटली होती. आता मोठे सर राहिले नव्हते. त्यांच्या जागी एक तरुण सर्जन होता, बोलायला मऊ. त्याने समजावून सांगितलं. हल्ली मांडीच्या नसेतून नळी घालून नवी झडप बसवता येते, पण ताईच्या नसा फार अरुंद होत्या आणि हृदयाला रक्त देणाऱ्या दोन वाहिन्याही तुंबल्या होत्या. म्हणजे छाती उघडायला हवी. उघडली नाही तर? "वर्ष निघणं कठीण," तो म्हणाला. मग जरा ओशाळून त्याने पुढचं सांगितलं. "आजी, तुम्हाला माहीतच आहे. ती चाचणी आम्ही अजून करतो. आता ती पुस्तकांतही आलीय."

गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. घरी आल्यावर मी उत्साहात होते. म्हटलं, चार दिवस आहेत हातात, रोज बोळात चालू, तुला तर सगळ्या युक्त्या माहीत आहेत. ताई खुर्चीत बसली होती. चहाचा कप तिने उचललाच नाही.

"बस इथं, ठमे," ती म्हणाली. "एक सांगायचंय. मधे बोलू नकोस."

मी बसले. मधे न बोलणं मला किती जड जातं ते तिला माहीत होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी तिच्याकडे एक किल्ल्या बनवणारे आजोबा आले होते. वय सत्त्याऐंशी. झडप मिटलेली, हिच्यासारखीच. मोठे विनोदी. "आयुष्यभर लोकांची अडकलेली दारं उघडून दिली, आता माझंच दार अडकलंय," असं म्हणून खदाखदा हसले आणि हसता हसता धाप लागली. त्यांची बायको ब्याऐंशीची, स्मृती गेलेली. ती कुणाच्याच हातून जेवायची नाही, फक्त त्यांच्या. "मला काही शंभर वर्षं नकोत," ते म्हणाले, "तिच्यापेक्षा एक दिवस जास्त द्या. बास."

पहिली फेरी सात पूर्णांक एक. दुसरी सहा पूर्णांक आठ. तिसऱ्या फेरीला ते चालता चालता बोलायला लागले. बायकोबद्दलच काहीतरी सांगत होते, आवाज खोल होता, मागून ऐकू येईना. ऐकायला म्हणून ताई दोन पावलं पुढे सरकली. शेजारी आली.

"पहिल्या पावलाला ती चूक होती," ताई म्हणाली. "तिसऱ्या पावलाला नव्हती. मला दिसलं की त्यांचा पाय माझ्या पायाबरोबर पडतोय. आणि मी माझी चाल वाढवली. जरा. तुला कळणारही नाही इतकी."

पाच पूर्णांक सात. तिने तो आकडा लिहिला आणि सही केली. मोठ्या सरांनी कागद बघितला आणि तारीख दिली.

ऑपरेशन उत्तम झालं. झडप उत्तम बसली. आजोबा बेचाळीस दिवस अतिदक्षता विभागात होते आणि नंतर वॉर्डात. हात-पाय गळाले, बुद्धी कुठेतरी हरवली. पडल्या पडल्या उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा जुळवून हवेत किल्ली फिरवत राहायचे. बायकोला शेजारी आणून बसवायचे. ती विचारायची, हे गृहस्थ कोण? आणि तेही तिच्याकडे तसेच बघायचे. दोन अनोळखी माणसं दिवसभर एकमेकांचा हात धरून बसलेली असायची.

"एक्स-रेला नेताना त्यांची गाडी माझ्या पट्ट्यांवरून जायची," ताई म्हणाली. "पट्टी आली की ते हात वर करायचे आणि विचारायचे, 'पोचलो का? पोचलो का मी?' वॉर्डातली पोरं हसायची. 'पोचलात, आजोबा,' म्हणायची. मी फाइलीत तोंड घालून उभी. पाचव्या महिन्यात गेले. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या मागून चालतात, ठमे. सपाता फरफटत. मी वाट दिली तरी पुढे जात नाहीत. मागेच थांबतात. विचारतात."

मी बोळाकडे बघितलं. भर दुपार होती, बोळात चक्क ऊन आलेलं होतं, आणि तरी माझी नजर तिथून हलेना.

मी म्हटलं, "तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"नाही. आणि त्याहून वाईट केलं. नंतरची तीन वर्षं मी इतकी घाबरलेली होते की दोनऐवजी सहा पावलं मागे राहायला लागले. एक बाई आली, शाळेत स्वयंपाक करायची. तिला मागे कुणी आहे की नाही ते कळेना, म्हणून तिने चालता चालता दोनदा वळून बघितलं. तिन्ही फेऱ्यांत बघितलं. सहा पूर्णांक एक. मी लिहिलं सहा पूर्णांक एक. तीन आठवड्यांत गेली ती. ती मात्र मागे येत नाही. ती नुसती वळून बघते."

मग तिने गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. मला तिची दया आली, आणि त्याहून जास्त, मला हेही आठवलं की गुरुवार चार दिवसांवर आलाय. माझ्या मनात तेव्हाच काय शिजायला लागलं होतं ते मी इथे सरळ सांगते. मला किल्लीवाल्या आजोबांशी काही देणंघेणं नव्हतं. मला माझी बहीण हवी होती. ती गेली तर या दोन खोल्यांत मी कुणाशी भांडायचं?

गुरुवारी चाचणी घेणारी मुलगी पंचविशीची होती. केस उंच बांधलेले, हातात फोन, फोनमध्येच घड्याळ. ताईचं नाव तिने शिक्षकांच्या तोंडून ऐकलेलं होतं. ती इतकी दबकली होती की पुन्हा पुन्हा "तुम्हाला मी काय सांगणार" म्हणत होती. नव्या इमारतीत पट्ट्या नव्हत्या. फरशीतच निळ्या रेघा पाडून घेतल्या होत्या.

पहिली फेरी ताईने एकटीने केली. सात पूर्णांक चार. दुसरी सात पूर्णांक शून्य. दुसरीनंतर ती भिंतीला टेकली. ओठ निळसर दिसत होते. मुलीने तिला पाणी दिलं, पाच मिनिटं बसवलं.

मी उठले. "मी जरा तिच्या बाजूने चालले तर चालेल का? पडेल गं ती."

मुलगी घुटमळली. ताईने तिच्याकडे बघितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. ताई समोरच्या रेघेकडे बघत होती. "हात धरायचा नाही हं, आजी," मुलगी मला म्हणाली.

मी हात धरलाच नाही. मला हाताची गरज नव्हती. पायाच्या मशीनवर साठ वर्षं ठेका धरलेले पाय आहेत माझे. मी मुद्दाम लाकडी टाचेच्या चपला घालून गेले होते. टक, टक, टक. पहिल्या दोन पावलांत तिचं पाऊल चुकलं, तिसऱ्याला बरोबर माझ्या टाचेवर पडलं, आणि मग मी हळूच वेग वाढवला. तिची छाती भात्यासारखी हलताना मला ऐकू येत होती. मी थांबले नाही. रेघ ओलांडली.

"पाच पूर्णांक आठ!" मुलगी इतकी खूश झाली की टाळीच वाजवली तिने. ताईने कागदावर सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. परतीच्या वाटेवर टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनातल्या मनात ऑपरेशननंतर लागतील त्या वस्तूंची यादी करत होते. पुढून बटणांचे चार सैल झगे शिवायचे. उशा दोन.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मुद्दाम केलंस."

"हो," मी म्हटलं. "आणि परत करीन."

"मला तिसऱ्या पावलाला कळलं."

"मग थांबली का नाहीस? तुझे पाय काही माझ्या ताब्यात नव्हते."

ती जे बोलली ते मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलली. "म्हणजे त्यांनाही कळलं असणार. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्यांना फसवलं. कळतं की चालणाऱ्याला. आपले पाय आपले नाहीत हे लगेच कळतं. त्यांना कळलं आणि तरी ते चालत राहिले. आज मी राहिले तसे."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, झालं तर मग! मनावरचं ओझं उतरलं ना? आता ऑपरेशन करून घे आणि मोकळी हो.

"मला जगायचंय गं, ठमे," ती म्हणाली. इतकी वर्षं सोबत काढली, पण असं ती कधी बोलली नव्हती. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "फार जगायचंय. आज त्या रेघेवरून जाताना मला कळलं किती ते. मी एवढी लबाड आहे हे मला माहीत नव्हतं."

मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी रडलो. मला वाटलं, ठरलं.

शुक्रवारी सकाळी मी झग्यांचं कापड आणायला बाहेर गेले. परत आले तर घरात कुणी नाही. ताई एकटी टॅक्सी करून हॉस्पिटलात गेली होती. तिने त्या तरुण सर्जनला सांगितलं की कालचा आकडा खोटा आहे, चाचणी परत घ्या. मुलीचा दोष नाही असंही सांगितलं. त्यांनी परत घेतली, दार बंद करून, कुणाला आत न येऊ देता. सात पूर्णांक तीन.

सर्जनने मला फोन केला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तिला वर्ष काढता येणार नाही असं तूच सांगितलंस ना, मग मरायचंच आहे तर तुझ्या टेबलावर का नाही? तो शांतपणे ऐकत राहिला. म्हणाला, टेबलावर त्या जातील याची मला भीती नाही, आजी. टेबलावरून उठतील आणि परत येणार नाहीत, याची आहे. मी फोन आपटला.

ताई घरी आली तेव्हा मी तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दहा मिनिटं टिकले.

"का गेलीस? जगायचंय म्हणालीस ना? मग का गेलीस?"

ती चपला काढत होती. त्या काढायलाही आता तिला खाली बसावं लागायचं. "पाच पूर्णांक आठवर मी टेबलावर चढले असते आणि त्या आजोबांसारखी झाले असते," ती म्हणाली, "तर तो आकडा तुझा होता, ठमे. माझा नाही. मग मी गेल्यावर कुठे गेले असते?"

मला कळलं नाही.

"तुझ्या मागे," ती म्हणाली. "मला माहीत आहे ते काय असतं. मी तुझ्या मागे लागणार नाही."

त्यानंतर ती साडेचार महिने जगली. गोळ्यांवर, उशांना टेकून, माझ्या शिलाईत खोड्या काढत. बोळात थांबणं मात्र संपलं. एकदा मी विचारलं, येतात का अजून? ती म्हणाली, "शुक्रवारी त्या दाराआड चालले ना, तेव्हा आले होते. दुसऱ्या रेघेपाशी मी थांबले आणि ते मला ओलांडून पुढे गेले. मग आले नाहीत." मी हसले, कारण ती हसत होती. शेवटी एका सकाळी भाजी चिरता चिरता तिने सुरी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. मी हाक मारून तिच्याजवळ पोचेपर्यंत संपलं होतं.

लोक म्हणतात, शांतपणे गेली, सुटली. मी मान हलवते. त्यांना काय सांगू? दिवसातून किती वेळा मी त्या बोळात थांबते. भिंतीला चिकटून उभी राहते, श्वास रोखून ऐकते. एवढंसं पाऊल वाजलं तरी चालेल मला. सपाता, चपला, काहीही. रस्त्यात वळून बघते, जिन्यात वळून बघते. माझ्या मागे कुणी नाही. तिने शब्द पाळला, आणि त्याबद्दल मी तिला कधीच माफ करणार नाही.